चंदेरी पुडीतली चटणी खवट का झाली?

‘आरं, पुण्याच्या गिऱ्हाइकानं पाकिटं परत धाडल्यात. चटणी खवाट लागतीया म्हणं. मिरची तीच, खोबरं त्येच, डंक त्योच. मग झालं काय?’

आत्तीचा हा फोन ऑगस्टमधला. तिचा कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, कांदा-लसूण डंकावर कुटून घ्यायचं आणि वर्षभर अर्ध्या किलोच्या चंदेरी पाऊचमधून मुंबई-पुण्याला धाडायचं. मी रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे घरात काहीही बिघडलं, अगदी मिक्सरसुद्धा, तरी फोन मलाच येतो.

यंदा बदललं होतं ते फक्त पाऊच. पाऊच विकणाऱ्यानं सांगितलं होतं की नवा माल ‘रिसायकल होणारा’ आहे, एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा. ‘आतली चांदी तेवढीच आहे मावशी, काळजी करू नका.’ गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. चांदी खरंच तेवढीच होती. बदललं होतं ते चांदीच्या खालचं प्लॅस्टिक.

सध्या हा बदल सगळीकडे होतोय, आणि तो का होतोय हे नीटसं कुणी सांगत नाही. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत बदल केला आणि माल बनवणारे, आयात करणारे आणि ब्रँडमालक यांच्यावर वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी टाकली. वेगवेगळ्या जातींचं प्लॅस्टिक एकावर एक चिकटवलेली पुडी पुन्हा वितळवून उपयोगात आणणं फार अवघड. म्हणून कंपन्या एकाच जातीच्या प्लॅस्टिककडे वळतायत. कल्पना चांगलीच आहे. पण भिंत बदलली आणि रंग तोच ठेवला, तर रंग आधीसारखाच टिकेल असं नाही.

## चांदी म्हणजे किती?

ती चांदी नसते, ॲल्युमिनियम असतं. हवा काढून घेतलेल्या मोठ्या पेटीत ॲल्युमिनियमची तार चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियसला तापलेल्या पट्टीवर सोडतात. तिची वाफ होते. वरून थंडगार रुळावरून प्लॅस्टिकची फिल्म भरधाव पळत असते, मिनिटाला काहीशे मीटर. आमटीच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ धरावी तशी धातूची वाफ या फिल्मवर धरते. याला मेटलाइज्ड फिल्म म्हणतात.

हा थर साधारण ३० ते ५० नॅनोमीटर जाडीचा. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोनेक हजार थर मावतील. घरी चपात्या गुंडाळायची फॉइल किंवा औषधाच्या गोळ्यांमागची पन्नी ही खरी धातूची चादर असते आणि ती या थराच्या शेकडो पट जाड असते. दोन्ही सारख्याच चकाकतात, त्यामुळे गल्लत होते. धातूऐवजी कधी कधी सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पारदर्शक थरही देतात, म्हणजे आतला माल दिसतो. सिलिका म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यासाठी वापरतात त्या वाळूतलंच द्रव्य, फक्त काचेसारखं सलग पसरलेलं.

एवढ्या पातळ थराला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. त्याला खाली काहीतरी लागतं. ज्या फिल्मवर तो बसतो तिला या धंद्यात ‘सबस्ट्रेट’ म्हणतात. मी यापुढे नुसतं ‘खालची फिल्म’ म्हणेन.

## प्लॅस्टिक हवा अडवतं ना?

पाणी अडवतं, हवा नाही. म्हणजे हवाही अडवतं, पण फार हळू गळणाऱ्या माठासारखं. प्लॅस्टिकच्या लांब रेणूंमधून ऑक्सिजनचे आणि पाण्याच्या वाफेचे रेणू वाट काढत पलीकडे जात राहतात. प्रत्येक जातीचं प्लॅस्टिक वेगळं वागतं.

धंद्यातली नावं घेऊन सांगतो. पॉलिस्टर, म्हणजे पाण्याची बाटली ज्याची असते तेच, १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) जाडीच्या फिल्ममध्ये एका चौरस मीटरमधून दिवसाला शंभराच्या वर घनसेंटिमीटर ऑक्सिजन सोडतं. बीओपीपी, म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचं कुरकुर वाजणारं प्लॅस्टिक, त्याहून जाड असूनही दीड हजाराच्या आसपास सोडतं. आणि साधी पॉली, म्हणजे पॉलिथिन, दुधाच्या पिशवीची, तीही हजारांतच. पाण्याच्या वाफेचं मात्र उलटं. तिथे पॉलिस्टर कच्चं, बीओपीपी आणि पॉली पक्की.

चांगल्या पॉलिस्टरवर ॲल्युमिनियमचा थर दिला की ऑक्सिजनचा आकडा शंभरावरून एकाच्या आसपास येतो. बीओपीपीवर तोच थर दिला तर दीड हजाराचे काही दशक होतात. सुधारणा दोन्हीकडे प्रचंड आहे, पण शेवटी हातात पडणारा आकडा सारखा नाही. थर तोच, धातू तोच. मग असं का?

## गच्चीतली एक केसभर भेग

उत्तर थरातल्या छिद्रांत आहे. चिप्सचं रिकामं पाकीट उघडून पुसून घ्या, अंधारात जा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. थर शंभरातला नव्व्याण्णव भाग उजेड अडवतो, तरी मंद निळसर उजेड झिरपताना दिसेल, आणि त्यात सुईच्या टोकाहून बारीक चमकणारे ठिपके. ती छिद्रं. डोळ्यांना दिसत नाहीत अशी त्याहून कितीतरी जास्त असतात.

सलग धातूतून ऑक्सिजन जवळजवळ जातच नाही. जे काही गळतं ते या छिद्रांतून आणि भेगांतून. आता कुणी म्हणेल, छिद्रांचं एकूण क्षेत्र मोजलं तर ते हजारातला एक भागही भरणार नाही, मग गळती कितीशी होणार?

इथे आपला पावसाळ्याचा अनुभव कामी येतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला केसाएवढी भेग पडते. वर शोधून सापडत नाही. पण खाली स्लॅबमध्ये पाणी आडवं पसरतं आणि हॉलच्या छतावर परातीएवढा ओलीचा डाग उमटतो. भेगेखाली स्लॅब कोरडा असतो, त्यामुळे पाणी सरळ खाली न जाता चहूबाजूंना फाकतं. छिद्रातून आत शिरलेला ऑक्सिजन खालच्या फिल्ममध्ये नेमका असाच फाकतो. छिद्र एक मायक्रॉनचं असलं तरी त्याच्या खाली कितीतरी रुंद पट्ट्यातलं प्लॅस्टिक त्याच्या दिमतीला असतं.

झाडांनी ही युक्ती केव्हाच वापरली आहे. पानावरची सूक्ष्म रंध्रं पानाच्या एक-दोन टक्केच जागा व्यापतात, पण त्यांतून वाफ मात्र जागेच्या हिशोबाला न जुमानता भरभरून जाते. ब्राउन आणि एस्कॉम्ब या संशोधकांनी १९०० साली यामागचा नियम मांडला: फार बारीक छिद्रातून वायू जातो तो छिद्राच्या क्षेत्राच्या प्रमाणात नाही, व्यासाच्या प्रमाणात. ढोबळ गणित करून बघा. एक छिद्र १० मायक्रॉनचं, आणि शंभर छिद्रं एक-एक मायक्रॉनची. एकूण क्षेत्र दोन्हीकडे सारखं. पण व्यासांची बेरीज एकीकडे १०, दुसरीकडे १००. म्हणजे बारीक छिद्रं दसपट जास्त गळतात! मोठं भोक बघून आपण घाबरतो, पण चटणीचा घात करतात ती न दिसणारी.

आता मूळ प्रश्नाकडे. छिद्रातून आत आलेला वायू पुढे किती वेगानं जाणार हे खालच्या फिल्मच्या जातीवर ठरतं. पॉलिस्टर त्याला चिवटपणे अडवतं. बीओपीपी आणि पॉली त्याला ‘या, बसा’ म्हणतात. सच्छिद्र स्लॅबवरची भेग जास्त नुकसान करते, तसं. म्हणून छिद्रं अगदी तेवढीच असली तरी पॉलीवरचा थर ऑक्सिजनला कमी अडवतो. आत्तीच्या जुन्या पाऊचमध्ये चांदी पॉलिस्टरवर होती, नव्यात पॉलीवर. तिच्या चटणीचं अर्धं उत्तर इथेच आलं. खोबरं-तिळाचं तेल ऑक्सिजन लागला की खवट होतं.

## छिद्रं येतात कुठून?

बरीचशी खालच्या फिल्ममुळेच येतात. फिल्मचा रोल गुंडाळताना एक घडी दुसरीला चिकटू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये सिलिकाचे बारीक कण मुद्दाम घालतात. ते पृष्ठभागावर टेंगळासारखे वर येतात. टेंगूळ मायक्रॉनचं, थर नॅनोमीटरचा. गुडघाभर दगडांच्या रानावर अर्ध्या सेंटिमीटरचा गिलावा करायला सांगितल्यासारखं आहे हे. टेंगळाच्या सावलीत धातू पोचत नाही, आणि रोल गुंडाळताना टेंगळाच्या माथ्यावरचा धातू खरडला जातो. धुळीचा कण आधी बसला आणि थर चढल्यावर उडून गेला, तरी तेच.

फिल्म सटकन सरकावी म्हणून घालतात ते मेणचट द्रव्य आणखी त्रासदायक. पॉलीत त्याचा सर्रास वापर होतो. ते आतून हळूहळू पृष्ठभागावर येतं, लोणच्यावर तेल यावं तसं. तेलकट भिंतीला चुना लावून बघा, म्हणजे धातूचं काय होतं ते कळेल.

मुळात पॉली आणि बीओपीपी यांच्यावर काहीच धड चिकटत नाही. पाण्याचा थेंब त्यांच्यावर अळूच्या पानासारखा गोळा होऊन बसतो. म्हणून फिल्मवरून उच्च दाबाची विजेची ठिणगी फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग थोडा ‘जागा’ होतो. याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. (साथीशी संबंध नाही. नाव फार जुनं आहे.) ही जाग कायमची राहत नाही. रोल गोदामात महिनोन्‌महिने पडला की ती ओसरते. हुपरीत दागिन्याला मुलामा देणाऱ्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याचा अर्धा वेळ दागिना धुण्या-घासण्यात जातो, कारण खालचा धातू स्वच्छ नसेल तर मुलामा वरून कितीही झळको, पोपडा धरणारच.

## सारवणाला भेगा

छिद्रं हा जन्मजात दोष. भेगा नंतर पडतात, आणि मला वाटतं नव्या पाऊचमध्ये खरी मेख इथेच आहे.

गावाकडे जमीन सारवायच्या आधी चोपण्यानं चोपून घेत. भुसभुशीत जमिनीवर सारवलं तर चालताना खालची माती दबते, वरचं शेण-मातीचं कवच दबू शकत नाही, ते तडकतं. धातूचा थर हे असंच कवच. सिलिकाचा तर त्याहून ठिसूळ, काचच ती. फिल्म एक-दोन टक्के ताणली गेली तरी अशा थराला भेगा पडायला लागतात. पॉलिस्टर ताठ असतं, छपाई आणि लॅमिनेशनच्या (एका फिल्मवर दुसरी चिकटवायच्या) यंत्रातून ओढलं जाताना सहसा ताणत नाही. पॉली लवचीक. तेवढ्याच ओढीनं ती रबरासारखी लांबते, मग पुन्हा आखडते. फिल्मला काही होत नाही, वरच्या थराचा मात्र चुरा होतो. सायकलच्या ट्यूबला चुना फासा, वाळू द्या आणि ट्यूब ओढा. तेच.

उष्णतेनंही हाच खेळ होतो. तापल्यावर पॉली किंवा बीओपीपी ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट जास्त फुगते, आणि सिलिका जवळपास फुगतच नाही. पाऊच सील करताना, उन्हात टेम्पोत पडल्यावर, खालचं आणि वरचं आपापल्या चालीनं चालतं आणि मधे ताण साठतो.

आणि मग आपली पार्सलं. आत्तीचे पाऊच एसटीच्या पार्सलात पोत्यात कोंबून जातात. प्रत्येक घडी, प्रत्येक मुरड म्हणजे थरावर एक रेघ. कारखान्यात फिल्म पिळून-पिळून तपासायचं खास यंत्र असतं, पण कोल्हापूर-पुणे प्रवासही त्यात फार मागे नाही.

## ‘मग थर जाड करा की’

पहिली शंका हीच येते. काही प्रमाणात उपयोग होतो, मग थांबतो. धुळीचा कण किंवा टेंगूळ यांच्यापुढे ५० नॅनोमीटर काय आणि ८० काय, सारखंच. ठिसूळ थर जाड केला की उलट लवकर तडकतो. शिवाय जास्त धातू म्हणजे जास्त उष्णता, आणि ती खालच्या फिल्मला सोसावी लागते. पॉली त्यात सगळ्यात नाजूक.

‘मग सरळ फॉइल वापरा’ ही दुसरी. अडवण्यात फॉइलला तोड नाही, पण सात-आठ मायक्रॉनच्या पातळ फॉइललाही बारीक छिद्रं असतात, घडीवर ती चिरते, आणि पुनर्वापराचा प्रश्न होता तिथेच येतो.

खरे उपाय खालच्या फिल्मकडेच बघतात. पॉलीची फिल्म बनवतानाच खेचून ताठ करतात, म्हणजे जमीन आधीच चोपून घेणं. थर चढवायच्या बाजूला टेंगळं आणि मेणचट द्रव्य नसलेला वेगळा पापुद्रा ठेवतात. थराखाली गुळगुळीत अस्तर आणि वर रक्षक लेप देतात. थर सहसा दोन फिल्मच्या मधे गाडतात. मधला गोंद छिद्रांत शिरून ती थोडीफार बुजवतो आणि घासण्यापासून थर वाचतो. (धातू चटणीत उतरतो का, असं आत्तीनंही विचारलं होतं. मालाला लागते ती आतली पॉली, धातू तिच्या मागे असतो.) हे सगळं केलेली एकाच जातीची पुडी चांगली निघते. न केलेलीही तितकीच चकाकते, आणि स्वस्त पडते.

थोडं विषयांतर: घडी होणाऱ्या फोनच्या पडद्यांतही हीच डोकेदुखी आहे, फक्त लाखो पट कडक. तिथल्या प्रकाश देणाऱ्या थरांना दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढी वाफच चालते. म्हणून ठिसूळ थर, मऊ थर, पुन्हा ठिसूळ थर असे एकाआड एक रचतात. एका थराचं छिद्र दुसऱ्याच्या छिद्राखाली येत नाही आणि वायूला मधल्या मऊ थरातून लांबचा वळसा घ्यावा लागतो.

## पाऊचवाल्याला काय विचारायचं?

‘किती मायक्रॉन?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. जाड आहे म्हणजे चांगलं आहे, हा हिशोब पिशवी फाटण्यापुरता ठीक. विचारायचं ते हे: धातू कुठल्या फिल्मवर आहे? ऑक्सिजनचा आकडा किती आणि वाफेचा किती? हे आकडे नुसत्या फिल्मचे आहेत की तयार पाऊचचे, आणि चुरगळल्यानंतरचे आहेत का? कुठल्या तापमानाला आणि किती दमट हवेत मोजले? जो सांगू शकत नाही त्याच्याकडून आधी शंभरच पाऊच घ्या.

आणि आपल्या मालाचा शत्रू ओळखा. चटणीचा शत्रू ऑक्सिजन, शिवाय उजेड, त्यानं लाल रंग उडतो. गुळाचा शत्रू वाफ. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं ते हवेतल्या ओलाव्यानं. एकाला चालणारी पुडी दुसऱ्याला चालेलच असं नाही.

वाफेची परीक्षा घरी करता येते, आणि ती आम्ही केली. कोरडं केलेलं सिलिका जेल, तेच औषधाच्या डबीतल्या पुडीतलं, जुन्या आणि नव्या पाऊचमध्ये सारखं भरलं. दोन्ही पाऊच आधी चांगले चुरगळून घेतले, सील केले आणि गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे नेले. सोन्याचा काटा दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. सराफ म्हणाले, ‘चटणीचे एवढे लाड?’ आठ दिवस पाऊच स्वयंपाकघरात टांगून ठेवले, बाहेर पाऊस धो धो. पुन्हा वजन केलं. जुना पाऊच ०.१ ग्रॅमनं जड झाला होता, नवा ०.२ ग्रॅमनं.

आत्ती म्हणाली, ‘ह्यात काय एवढं? मग पाऊच बराच म्हणायचा की.’

बराच होता, पण वाफेसाठी. थर तडकला तरी पॉली स्वतः वाफ बऱ्यापैकी अडवते, म्हणून फरक दुपटीचाच दिसला. ऑक्सिजनला पॉलीचा काहीच धाक नाही. त्याचा आकडा सराफाच्या काट्यावर येत नाही, तो पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या जिभेवर आला होता. उलट गुळाच्या बाजूनं हिशोब केला तर आठवड्याला ०.२ ग्रॅम म्हणजे पावसाळ्याच्या सोळा आठवड्यांत सव्वातीन ग्रॅम, अर्ध्या किलोच्या पुडीत. तेही सिलिका जेलसारखं हावरट द्रव्य आत असताना.

आत्तीच्या दिरांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. दसऱ्यानंतर चुलवाण पेटलं तेव्हा उरलेले सातशे पाऊच ती गूळ पावडरीसाठी त्यांच्याकडे देऊन आली. निम्म्या किमतीत. आणि चटणीसाठी जुनेच पाऊच मागवताना पाऊचवाल्याला तिनं पहिलाच प्रश्न टाकला, ‘चांदीचं र्‍हाऊ दे. तिच्या खाली काय हाय, ते सांग.’